इस्त्री करणारा बगळा

४ मार्च

ताई,

अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझा आवाज ऐकून ठेवून देशील, म्हणून लिहितोय. भांडायला नाही. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस, त्यावर मला जे काही बोलायचं होतं ते मी भिंतीशी इतक्यांदा बोललोय की आता त्यात दम उरलेला नाही.

बातमी अशी आहे की तुझा बगळा सापडला.

मंगळवारी आमच्या लिलावघरासमोर एक टेम्पो येऊन थांबला. गावातल्या एका जुन्या दातांच्या डॉक्टरांचं सामान होतं. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, बायको मुलाकडे राहायला निघाली. दात काढायची खुर्ची, काचेची कपाटं, पेशंट बसायची बाकं असं एकेक उतरत होतं. सगळ्यात शेवटी चादरीत गुंडाळलेलं एक मोठं चित्र आलं. हमालांनी ते भिंतीला टेकवलं, चादर घसरली, आणि मी जागच्या जागी उभा राहिलो.

गुडघाभर पाण्यात बुडालेली खोली. जेवायच्या टेबलावर चार ताटल्या आणि प्रत्येक ताटलीत किल्लीचं भोक. छताला दिव्याच्या जागी उलटी टांगलेली होडी. आणि मधोमध तो, लांब पायांचा, मान वाकवून पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाला इस्त्री करणारा बगळा. शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं. आपल्या लाँड्रीत खिळ्याला टांगलेला तो शर्ट मी झोपेतसुद्धा ओळखेन.

आमच्याकडे चित्रांतल्या जाणकार एक बाई आहेत. त्या चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अतिवास्तववादी. फार चांगलं आहे हो. कुणाचं?" घरी आपण त्याला नुसतं 'ताईचं काहीतरी' म्हणायचो, तेव्हा एवढा भारदस्त शब्द ऐकून मला उगाच छाती फुगल्यासारखं झालं. चित्रावर सही नाही. मी म्हटलं, "बघू या." खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही.

कॅटलॉग छापायला द्यायचा आहे. तुझं नाव घालू का?

बाकी मी ठीक. गुडघे कुरकुरतात. लहानपणी तू मला भोंगा म्हणायचीस. त्या आवाजावरच अजून पोट भरतंय.

तुझा
भोंगा


१७ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी बहिणीकडून दोन ओळी येतात, आणि त्या काय, तर "नाव घालू नकोस. ते तिथे कसं पोचलं?" अगं, तिकिटाचे पैसे वसूल होतील एवढं तरी लिहायचंस. तरी कार्ड खिशात घालून फिरतोय.

नाव घातलं नाही. 'चित्रकार अज्ञात' असं छापलंय. आमच्या साहेबांना मात्र सांगितलं. चित्र माझ्या बहिणीचं आणि लिलाव पुकारणार मी, हे झाकून ठेवणं बरं नव्हे. साहेब म्हणाले, "तू विकत घेत नाहीयेस ना? मग उभा राहा. आणि नाव तिचं आहे, सांगायचं की नाही हे तिनं ठरवावं." माणूस सरळ आहे.

जाणकार बाईंना मी काही बोललो नव्हतो. पण काल चहा पिताना त्या आपणहून म्हणाल्या, "हे एखाद्या बाईनं काढलंय." मी विचारलं, कशावरून? म्हणाल्या, "ताटल्या चार आहेत, खुर्च्या तीनच. घरात एक माणूस रोज उभ्यानं जेवतं, हे कुणाला दिसतं?" मी कप खाली ठेवला. ओट्याला टेकून, हातात ताटली घेऊन जेवणारी आई. इतकी वर्षं मला वाटायचं तू खुर्ची काढायची विसरलीस.

आता तुझा प्रश्न. टाळणार होतो, पण तू खोदून विचारशीलच. तू चित्रं ज्या जुन्या सामानवाल्याला दिलीस, त्याच्याकडून डॉक्टरांनी ते घेतलं. कशासाठी, तर चौकट आवडली म्हणून. चित्र काढून टाकून आरसा बसवायचा बेत होता. हे मला डॉक्टरांच्या बायकोनं सांगितलं. त्या दवाखान्यात मदतीला असायच्या, सगळे पेशंट त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. तर चौकट आणून वेटिंग रूममध्ये ठेवली आणि त्याच दिवशी गाल सुजलेला एक माणूस आला. कण्हत होता. चित्राकडे बघता बघता गप्प झाला, आणि नंबर आला तरी उठेना. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, राहू दे गं हे. सुईपेक्षा बरं आहे."

मग ते राहिलं ते राहिलंच, तिथल्या तिथे, त्याच भिंतीवर. तू दूर त्या डोंगरावरच्या शाळेत मुलांना आंबे आणि सूर्य काढायला शिकवत होतीस, आणि इथे अख्खी पेठ तुझ्या बगळ्याखाली गाल धरून बसत होती.

रागावलीस का चौकटीवरून? मी हसलो होतो. आधी वाईट वाटलं, मग हसलो.

भोंगा


२९ मार्च

ताई,

हे पत्र बसून वाच.

काल वहिनी कागदांवर सह्या करायला आल्या होत्या. चित्र दालनात लावलंय. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "याच्याखाली बसणाऱ्या सगळ्यांच्या मला दाढा आठवतात. एकाच माणसाचे दात आम्ही कधी बघितले नाहीत. लाँड्रीवाल्यांचे."

मी विचारलं, "कोणते लाँड्रीवाले?"

"उंच होते. बारीक. डॉक्टरांचे पांढरे कोट धुऊन आणायचे."

तुला आठवतं का, डिलिव्हरीची सगळी गाठोडी मी सायकलवर न्यायचो. तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी बाबा म्हणाले, दवाखान्याचे कोट मी नेतो. मी हात पुढे केला तर गाठोडं ओढून घ्यायचे. मला वाटायचं, कोट चुरगळतील म्हणून माझ्यावर भरवसा नाही. मग तास तास परत यायचे नाहीत. आई ओरडायची. ते म्हणायचे, गर्दी होती.

वहिनी सांगत होत्या, "कोट ठेवायचे आणि बाकावर बसायचे, चित्राकडे तोंड करून. एकदा डॉक्टर म्हणाले, आलाच आहात तर दात बघू. तर म्हणाले, दात ठीक आहेत, पाय दुखतात. मग डॉक्टरांनी कधी विचारलं नाही. पावसात यायचे, उन्हात यायचे. दुकान बंद केल्यावर कोट नसायचे, तरी यायचे."

मी सह्यांचे कागद चाळत राहिलो. त्यांना वाटलं, मी कंटाळलोय. त्या आवरतं घ्यायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "सांगा ना."

"एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे चित्र एवढं का आवडतं हो? तर म्हणाले, आवडत नाही. हा बगळा चुकीची इस्त्री करतोय. कॉलर आधी करायची असते, हा बाहीपासून सुरू झालाय. मला हसूच आलं. म्हटलं, मग सांगा त्याला. तर म्हणाले, सांगायचं होतं. ती घरी राहिली नाही."

"ती कोण?" मी विचारलं. मला माहीत असूनही विचारलं, ताई.

"ते मी नाही विचारलं. त्यांचा चेहरा बघून नाही विचारलं. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, शर्ट माझाच आहे."

तुझ्या प्रदर्शनाच्या दिवशी मी बाबांच्या शेजारीच उभा होतो. ते दुकानातून तसेच आले होते, हाताला स्टार्चचा वास. चित्रासमोर उभे राहिले, म्हणाले, "मी असा दिसतो?" आणि निघून गेले. तू ते ऐकलंस, आणि संध्याकाळपर्यंत सगळी चित्रं विकून, बॅग भरून मोकळी झालीस. इतकी वर्षं मीही ते रागानंच म्हटलं असं धरून चाललो होतो. आता आठवून बघतो तर मला त्यांचा सूर नक्की आठवत नाही. रागावलेला माणूसही असं म्हणतो. आणि ज्याला आयुष्यात कधी कुणी इतकं नीट बघितलेलं नाही, तोही असंच म्हणेल.

मला जे कळलं ते तुला सांगितलं. यातून काय घ्यायचं ते तू बघ.

भोंगा


६ एप्रिल

ताई,

हो. कॉलरचं खरंच बोलले. शब्द न् शब्द. तू पत्रात तेवढं एकच विचारलंस म्हणून मी मुद्दाम वहिनींना फोन करून पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "हो हो, बाहीपासून सुरू झालाय असंच म्हणाले."

लिलाव बारा तारखेला, सकाळी. त्याआधी वस्तू लोकांना बघायला ठेवतो. एरवी या दिवसांत दलाल येतात, कपाटांची दारं उघडझाप करतात आणि जातात. या वेळी दालनात वेगळीच जत्रा भरली आहे. दवाखान्यातले पेशंट येतायत! खुर्चीकडे बघून तोंड वाकडं करतात आणि चित्रासमोर जाऊन उभे राहतात, लग्नाच्या घरी जुने शेजारी भेटावेत तसे. "तुमचा कुठला काढला होता?" "वरचा, डावीकडचा." "मला भूल चढेपर्यंत मी ती होडी बघत बसायचो."

त्यांत दोघं पुढारी आहेत. एक रिटायर झालेले बस कंडक्टर, एक शिवणकाम करणाऱ्या काकू. पेठेतल्या वाचनालयासाठी चित्र घ्यायचं म्हणून घरोघर फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली आहे. कंडक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, आमच्यासारख्यांनी बोली लावली तर चालते ना?" मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांनी लावली तर मला आवडेल." हे मी म्हणायला नको होतं. पुकारणाऱ्याला आवडनिवड नसते.

जाणकार बाईंनी कॅटलॉगमध्ये पानभर लिहिलंय. ताटलीतली भोकं म्हणजे घरातल्या न बोललेल्या गोष्टी, असं त्या म्हणतात. काकूंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. पण मला वाटायचं, दात काढल्यावर खायला बंदी असते ते."

तुला हसवायला लिहिलं. हसलीस का?

भोंगा


१२ एप्रिल, संध्याकाळी

ताई,

तुझे केस पांढरे झालेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

खुर्ची विकली, कपाटं विकली, मग चित्र आलं. पुढच्या रांगेतल्या दलालानं सुरुवात केली, कंडक्टरांनी लगेच हात वर केला. काकू शेजारी. मागे निम्मी पेठ उभी, श्वास रोखून. दलाल थोडा वेळ खेळला आणि मान हलवून बाजूला झाला. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. मी हातोडा उचलला, आणि अगदी मागच्या रांगेत नंबराची पाटी वर झाली.

पाटी आधी दिसली, मग मनगट, मग तू.

"मागच्या रांगेतल्या बाई," मी म्हणालो. तुला बाई! दुसरं काय म्हणणार होतो? तिथे उभा राहून ताई म्हणून हाक मारली असती तर साहेबांनी मला तिथून थेट घरीच पाठवलं असतं. मी माईक जवळ ओढला.

कंडक्टरांनी वाढवलं. तू वाढवलंस. त्यांनी वाढवलं. तू वाढवलंस. कंडक्टरांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी पर्स उघडून आत बघितलं, जणू तिथे काही नवीन उगवलं असेल. मग त्यांनी हळूच होकार दिला आणि कंडक्टरांनी शेवटची बोली लावली. शेवटची हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. या धंद्यात खांदे वाचता येतात.

मी तुझ्याकडे वळलो. तुझी पाटी अर्धी वर आलेली.

खरं सांगू? त्या क्षणी हातोडा माझ्या हातात होता. पटकन मारला असता तर त्यांना मिळालं असतं. थोडा थांबलो असतो तर तुला. आणि दोन्ही बाजूंनी माझीच माणसं बसल्यासारखं वाटत होतं. मी एरवी जेवढा थांबतो तेवढंच थांबायचं ठरवलं.

आणि काकू उठल्या. चालू लिलावात असं कुणी उठत नाही. सरळ मागे आल्या आणि तुझ्याजवळ वाकून काहीतरी बोलल्या. मी नियम सांगायला हवा होता. त्याऐवजी मी ग्लासभर पाणी प्यायलो, घोट घोट. त्या काय बोलल्या ते मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. "बाई, राग मानू नका. ते आमच्या दवाखान्यातलं आहे. माझे दोन दात आणि माझ्या नवऱ्याची अक्कलदाढ त्याच्यासमोर गेलीय. तुम्ही घरी नेलंत तर तुम्ही एकट्याच बघाल."

मला दिसलं ते एवढंच, की तू आधी त्यांच्याकडे बघितलंस, मग चित्राकडे, मग त्या सगळ्या उभ्या माणसांकडे, एकेका चेहऱ्याकडे.

"बाई, पुढे?"

तू मान हलवलीस. नाही.

एक वार. दोन वार. तिसऱ्याला हातोडा मारला. कंडक्टर जागेवरच उभे राहिले आणि मोठ्यानं विचारलं, "झालं? म्हणजे आपलं झालं का?" मी म्हटलं, "आपलं झालं." पुकारणाऱ्यानं असंही म्हणायचं नसतं.

मी खाली उतरेपर्यंत तू गेलेली होतीस. बस स्टॉपपर्यंत पळालो, या गुडघ्यांनी. त्याचा हिशोब तुझ्याकडे राहिला.

एकोणीस तारखेला, रविवारी ते चित्र वाचनालयात लावणार आहेत. ये. मला भेटायचं नसेल तर बगळ्याला भेट. पण माझ्या घरात एक खोली रिकामी आहे आणि गादी मी उन्हात घातली आहे, हे आपलं सांगून ठेवतो.

भोंगा


२७ एप्रिल

ताई,

तुला बसमध्ये बसवून आल्यापासून घर मोठं वाटायला लागलंय. तू राहिलीस ते थोडेच दिवस, पण माझ्या प्रत्येक शर्टाची घडी बदलून गेलीस, आणि स्वयंपाकघरातला एकही डबा मला आता जागेवर सापडत नाही. आणखी महिनाभर राहिली असतीस तर मी घरात पाहुणा झालो असतो.

त्या रविवारी मला लिलावघरातून निघायला उशीर झाला, मी पोचलो तेव्हा तू वाचनालयाच्या पायरीवर एकटी बसली होतीस. घरी येताना विचारलं, कसं झालं, तर म्हणालीस, "लोक बरे आहेत." एवढंच. बाकीचं मला काल काकूंकडून कळलं, आणि मी लिलावघरात उभ्या उभ्या हसून वेडा झालो.

कंडक्टरांनी तुला चित्र समजावून सांगितलं म्हणे! तासभर! होडी उलटी का, पाणी कुठून आलं, बगळा म्हणजे कोण. तू निमूटपणे ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "बगळ्याचा डावा पाय जरा चुकलाय." आणि काकू तुझ्यावर उखडल्या. "काही चुकलेला नाही. तुम्हाला चित्र मिळालं नाही म्हणून नावं ठेवू नका." काकू मला हे सांगताना कानाला हात लावत होत्या. "मला काय माहीत हो! त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. आणि जाताना ती पाटी!"

"कुठली पाटी?" मी विचारलं.

"तुम्ही बघितलीच नाहीत?"

काम सोडून काकूंबरोबर वाचनालयात गेलो. दुपारची वेळ, दोन म्हातारे पेपर वाचत होते, एक मुलगी टेबलावर डोकं टेकून झोपली होती. बगळा खिडकीशेजारच्या भिंतीवर आहे, उजेड चांगला पडतो. खाली कंडक्टरांनी पुठ्ठ्याची पाटी चिकटवली आहे. सुवाच्य अक्षरात 'चित्रकार' आणि पुढे मोकळी जागा. कळलं तर लिहू, म्हणून त्यांनी ती मोकळी ठेवली होती.

आता तिथे तुझं नाव आहे. पेन्सिलीनं.

माझ्याकडे आलेल्या कार्डावर, नंतरच्या पत्रांच्या पाकिटांवर तू नाव आणि आडनाव लिहितेस, मध्ये काही नसतं. मला ते दर वेळी टोचायचं. मी कधी बोललो नाही. इथे तू पूर्ण नाव लिहिलं आहेस. तुझं, मग बाबांचं, मग आपलं आडनाव.

मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. काकू शहाण्या, त्या मासिकं चाळत बसल्या. निघताना हळूच म्हणाल्या, "पेन्सिल पुसली जाईल हो. शाईनं गिरवून घेऊ का? तुम्ही त्यांना विचारता?"

मी म्हटलं, विचारायला नको. गिरवा.

तुझा
भोंगा